पाच-एकचं दान आणि हॉइलआजोबा

आमच्या होस्टेलमध्ये कॅरम, चेस आणि टीटी हे तीन खेळ रेक्टरमान्य. चौथा खेळ आमच्या मजल्यावर आला तो माझ्या रूममेटच्या मामांमुळे. मामा मस्कतला असतात. सुट्टीत येताना त्यांनी घडीचा एक लाकडी पट आणला. बंद केला की सुटकेसएवढा, उघडला की आत चोवीस लांबट त्रिकोण, पंधरा पांढऱ्या सोंगट्या, पंधरा काळ्या आणि दोन फासे. खेळाचं नाव बॅकगॅमन. पहिल्या आठवड्यात आम्ही दोघंच खेळायचो. दुसऱ्या आठवड्यात दारात रांग लागली. सबमिशनच्या काळात तर मेसपेक्षा जास्त गर्दी आमच्या खोलीत! शेवटी गॅदरिंगच्या वेळी चक्क सोळा जणांची टूर्नामेंट झाली.

फायनलला मी होतो. समोर सिव्हिलचा एक सीनियर. पाच गुणांचा सामना, स्कोअर चार-चार. म्हणजे पुढचा डाव जो जिंकेल तो चॅम्पियन. सुरुवातीला दोघांनी एकेक फासा टाकायचा असतो. माझा पाच, त्याचा एक. नियमाप्रमाणे पहिली चाल माझी आणि दान तेच, पाच-एक. मी जराही विचार केला नाही. पाच घरं एक सोंगटी खाली आणली आणि दुसरी एक घर सरकवून माझ्या पाचव्या घरात एकटीच उभी केली. आमच्या मजल्यावर ही चाल म्हणजे मर्दानी चाल! सीनियरला चार-तीन पडलं. चारावर माझी एकटी सोंगटी मेली. तिथून जे ढेपाळलो ते वीस मिनिटांत डाव संपला.

पुढचे कित्येक दिवस मी फाशांना शिव्या देत होतो. त्याच सेमिस्टरला एम-थ्रीमध्ये केटी लागली, तेव्हा पेपर सेट करणाऱ्यालाही दिल्या. नशीबच फुटकं, दुसरं काय! मग एका रविवारी वीज गेलेली असताना लायब्ररीत एक जाडजूड पुस्तक चाळत बसलो, आणि त्यात एका म्हाताऱ्याची ओळख झाली. त्यांनी माझं हे दान माझ्या आधी जवळजवळ पावणेतीनशे वर्षं टाकून, तपासून, लिहून ठेवलेलं होतं. त्यांचं नाव एडमंड हॉइल. वय पाहता मी त्यांना आजोबाच म्हणतो.

गंमत अशी की, आजोबांची प्रसिद्धी सुरू होते ती वयाच्या सत्तरीला. जन्म साधारण १६७२ चा. पण तिथपासून पुढची सत्तर वर्षं कागदोपत्री जवळजवळ कोरी आहेत. ते वकील होते असं नंतरच्या लोकांनी लिहिलं, कुणी त्यांना आयर्लंडमध्ये मोठ्या हुद्द्यावर बसवलं. पण त्याला पुरावा मिळालेला नाही. १७४० च्या आसपास मात्र ते लंडनमध्ये स्पष्ट दिसू लागतात, ते शिकवणी घेणारे मास्तर म्हणून. विषय : व्हिस्ट.

व्हिस्ट म्हणजे आजच्या ब्रिजचा आजोबा. चार भिडू, दोन जोड्या, बावन्न पत्ते आणि हुकूम. त्या काळी लंडनच्या कॉफी हाऊसमध्ये आणि सरदार घराण्यांच्या दिवाणखान्यांत व्हिस्टची साथ आली होती. पैसे लावून खेळायचे, त्यामुळे चांगलं खेळता येणं ही फुकटची हौस नव्हती. हॉइल श्रीमंतांच्या घरी जाऊन शिकवायचे आणि शिकवताना हाताने लिहिलेल्या नोट्स द्यायचे. कोणता पत्ता आपल्या भिडूकडे असण्याची शक्यता किती, किती हात मिळायची आशा धरावी, असं सगळं त्यात असायचं. आता नोट्स म्हटल्यावर पुढे काय होतं ते होस्टेलवाल्यांना सांगायला नको. एकाच्या नोट्स दुसऱ्याकडे, दुसऱ्याच्या तिसऱ्याकडे! झेरॉक्स नव्हतं एवढंच.

शेवटी १७४२ मध्ये हॉइल यांनी त्या नोट्सचं पुस्तक छापलं. व्हिस्टवरचा छोटासा ग्रंथ, किंमत एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग. एवढ्याशा पुस्तकाला ही किंमत अवाच्या सवा होती. पण हे पुस्तक सगळ्यांसाठी नव्हतंच. ज्यांना शिकवणी परवडते त्यांनाच ते परवडावं, असा एकंदर हिशोब दिसतो. हा हिशोब काही महिन्यांत कोसळला. चोरून छापणाऱ्यांनी स्वस्तातल्या प्रती बाजारात आणल्या. इंग्लंडमध्ये कॉपीराइटचा कायदा १७१० पासून होता; पण कायदा असणं आणि चोरी थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी, हे आपल्या कॉलेजरोडवरच्या कुठल्याही दुकानात कळतं. मूळ प्रकाशकालाही किंमत खाली आणावी लागली. आणि सत्तरीच्या हॉइलआजोबांनी काय केलं? खऱ्या पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीवर स्वतःच्या हाताने सही करायला सुरुवात केली. सही असेल तर पुस्तक खरं, नसेल तर चोरीचं! प्रतीमागून प्रती, वर्षानुवर्षं. पुढे हात थकला तेव्हा लाकडी ठशातून सही छापू लागले. जर्नलवर सरांची सही मिळवताना आपली काय दमछाक होते, इथे सह्या करणारेच दमले.

पण माझ्यासाठी महत्त्वाचं पुस्तक पुढच्या वर्षीचं, १७४३ चं. बॅकगॅमनवरचं. त्याच्या मुखपृष्ठावरच जाहीर केलं होतं की आत छत्तीस शक्यतांचा तक्ता आहे. इथे जरा थांबून खेळ समजून घेऊ, म्हणजे आजोबांचं मोठेपण कळेल.

सारीपाट पाहिला असेल तर बॅकगॅमन परकं वाटणार नाही. पटावर चोवीस घरं. दोघं भिडू समोरासमोर, उलट्या दिशेने चालणार. प्रत्येकाच्या पंधरा सोंगट्या ठरलेल्या घरांतून सुरू होतात : दोन अगदी मागे, समोरच्याच्या अंगणात, पाच पलीकडच्या बाजूला मध्यावर, म्हणजे आपल्याकडून मोजलं तर तेराव्या घरात, तीन आठव्यात आणि पाच सहाव्यात. सगळ्या सोंगट्या आपल्या शेवटच्या सहा घरांत आणायच्या आणि मग पटाबाहेर काढायच्या. जो आधी काढेल तो जिंकला. एका घरात आपल्या दोन सोंगट्या बसल्या, सारीपाटात ज्याला जुग म्हणतात तसं झालं, की समोरच्याला तिथे पाय ठेवता येत नाही. पण एकटी सोंगटी सापडली तर ती मारली जाते आणि पुन्हा पहिल्यापासून चालू लागते. साधा डाव जिंकला तर एक गुण. समोरच्याची एकही सोंगटी बाहेर पडायच्या आत आपण सगळ्या काढल्या तर दोन गुण, त्याला गॅमन म्हणायचं. साध्या विजयाला हॉइल यांच्या काळी हिट म्हणत. हे दोन शब्द लक्षात ठेवा, माझं सगळं प्रकरण त्यांच्यावरच अडलेलं आहे.

दोन फाशांची दानं छत्तीस. हे आज बारावीच्या पोरालाही माहीत असतं. पण १७४३ मध्ये खेळायला बसणाऱ्या बहुतेकांना ते माहीत नव्हतं, आणि माहीत होतं त्यांना वापरता येत नव्हतं. हॉइल यांनी आधी छत्तीस दानं कागदावर मांडली. जोडदान पडलं तर चौपट चालायचं, हा नियम धरून सगळ्यांची बेरीज केली : २९४. तिला ३६ ने भागलं : आठ आणि एक षष्ठांश. म्हणजे सरासरी एका दानात आठ घरं. सुरुवातीला प्रत्येकाला एकूण १६७ घरं चालायची असतात. आता पुढे कोण आहे, मागे कोण आहे, पळावं की अडवावं, हे अंदाजाने न सांगता मोजून सांगता येऊ लागलं.

मग दुसरा हिशोब : एकटी सोंगटी ठेवली तर ती मरण्याची शक्यता किती? मी फायनलला ठेवलेली सोंगटी घ्या. सीनियरच्या मागच्या सोंगट्या तिच्यापासून बरोबर चार घरांवर होत्या. छत्तीसपैकी अकरा दानांत कुठल्या तरी फाशावर चार असतो. तीन-एक दोन प्रकारे पडतं, त्याची बेरीजही चार. शिवाय दोन-दोन आणि एक-एक ही जोडदानंही तिथे पोचतात. एकूण पंधरा. म्हणजे छत्तीसपैकी पंधरा वेळा माझी सोंगटी मरणार, एकवीस वेळा वाचणार. वाचली तर पुढच्या दानात तिच्यावर दुसरी बसवून पाचवं घर पक्कं होण्याची चांगली संधी. सुरुवातीच्या डावात आपल्या अंगणातलं पाचवं घर हे सगळ्यात मोलाचं. मेली तर वीस घरांची चाल पाण्यात. हे सगळं आकडेमोडीत बसतं. मला मात्र फायनलच्या रात्री यातलं काहीच माहीत नव्हतं. मला फक्त ती चाल मर्दानी आहे एवढं माहीत होतं.

आजोबांच्या पुस्तकात सुरुवातीच्या दानांची यादी आहे. जोडदानं धरून सगळी एकवीस वेगळी दानं, आणि प्रत्येकाची चाल. तीन-एक पडलं तर आठव्यातली एक आणि सहाव्यातली एक उचलून पाचवं घर बांधा. चार-दोनला चौथं घर. सहा-एकला सातवं. पाच-तीनला तिसरं. सहा-पाच पडलं तर मागच्या दोनपैकी एक सोंगटी जेवढी जाईल तेवढी पळवा, सरळ पोबारा! (आपल्या मराठीतला पोबारासुद्धा मुळात फाशांच्या दानातलाच शब्द आहे, बरं का.) या पाचही चाली आजचे चॅम्पियन डोळे मिटून खेळतात. ना कॉम्प्युटर, ना कॅल्क्युलेटर, आणि पाच चाली पावणेतीनशे वर्षांत कुणाला बदलाव्या लागल्या नाहीत.

आणि आता माझं पाच-एक. ते वाचताना मी खुर्चीत सरसावून बसलो. यादीत चाल होती तीच, मी खेळलो होतो ती! पाच मधल्या पाचांमधून, एक सहाव्यातून पाचव्यात. वाह, म्हटलं, म्हणजे आपण बरोबरच होतो, फासेच नालायक. पण त्या दानापुढे एक चांदणी होती. चांदणीचा खुलासा पुढे. आजोबांचं म्हणणं थोडक्यात असं : ही चाल तुम्ही गॅमनसाठी, म्हणजे दुहेरी विजयासाठी खेळत असाल तर. पण फक्त हिट हवा असेल, नुसता डाव जिंकायचा असेल, तर पाच-एक, चार-एक आणि दोन-एक ही तिन्ही दानं वेगळी खेळा. मोठा आकडा तसाच मधल्या सोंगट्यांमधून घ्या, पण एकाचा आकडा मागे समोरच्याच्या अंगणात खेळा. तिथल्या दोनपैकी एक सोंगटी एक घर पुढे सरकवा. म्हणजे दोनतीन दानांत तिथे पुढचं एखादं घर पक्कं करायची किंवा निसटून जायची वाट उघडते, आणि मागे कोंडून पडायची भीती कमी होते.

चार-चार स्कोअर. शेवटचा डाव. गॅमनचे दोन गुण मिळाले असते तरी मला काय उपयोग होता? मला एकच गुण हवा होता! म्हणजे मी चाल चुकलो नव्हतो, मी कशासाठी खेळतोय तेच विसरलो होतो. दान तेच, पट तोच, सोंगट्या त्याच. पण हवं काय आहे ते बदललं की चाल बदलते. ही गोष्ट आजोबांनी एका चांदणीत सांगून टाकली होती. एम-थ्रीचंही तेच झालं होतं. मला फक्त पास व्हायचं होतं आणि मी अभ्यास केला डिस्टिंक्शनवाल्यासारखा. अवघड दोन युनिट रात्र रात्र घासली, सोपी तीन ऑप्शनला टाकली. पेपर सेट करणारा बिचारा निर्दोष होता.

असो. परत आजोबांकडे.

हॉइल काही गणिती नव्हते. त्याच लंडनमध्ये त्याच काळात एक खराखुरा गणिती राहत होता, अब्राहम द म्वाव्हर. नाव ओळखीचं वाटलं? एम-वनमध्ये ज्यांच्या थिअरमने आपल्याला छळलं तेच हे द म्वाव्हर. फ्रान्समधून धर्मछळामुळे पळून आलेले, हयातभर शिकवण्या करून पोट भरणारे. शक्यतांच्या गणितावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १७१८ मध्ये निघाला. पण तो वाचायचा तर बीजगणित यायला हवं. कॉफी हाऊसमध्ये फासे टाकणाऱ्या माणसाला ते कुठून येणार? ही दरी हॉइल यांनी भरली. १७५४ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी शक्यतांवरच एक पुस्तक लिहिलं आणि ते फक्त साधी बेरीज-वजाबाकी येणाऱ्यांसाठी आहे असं शीर्षकातच सांगून टाकलं. त्याच वर्षी द म्वाव्हर लंडनमध्ये वारले. एकाने नियम शोधले, दुसऱ्याने ते जेवणाच्या टेबलापर्यंत पोचवले. आपल्याकडे दुसऱ्या प्रकारच्या माणसाला जरा कमी लेखतात. पण परीक्षेच्या आदल्या रात्री आपण कुणाचं दार वाजवतो? थिअरम शोधणाऱ्याचं नव्हे; समजेल असं समजावून सांगणाऱ्या मित्राचं.

लोकांनी त्यांची टिंगलही भरपूर केली. पत्त्यांची शिकवणी लावायची आणि वर पुस्तक वाचून खेळायचं, हा तेव्हा विनोदाचाच विषय. १७४३ मध्येच व्हिस्टच्या वेडावर एक उपहासाचं नाटक निघालं. त्यात हॉइल यांच्यावर बेतलेले एक प्रोफेसर आहेत, आणि या पुस्तकामुळे आपला धंदा बसेल म्हणून कुरकुरणारे पत्तेचोर आहेत. पण मला भेटायला आवडेल असं पात्र म्हणजे सर कॅल्क्युलेशन पझल. या गृहस्थांना हॉइलचं गणित अर्धवट पाठ. दरवेळी हरतात आणि दरवेळी आपण गणिताप्रमाणे कसे जिंकायलाच हवे होतो ते समजावून सांगतात. आमच्या मजल्यावर असे तीन आहेत. चौथा मी होतो.

हेन्री फील्डिंग यांच्या १७४९ च्या टॉम जोन्स या कादंबरीत एकजण तक्रार करतो की, गिनीभर मोजून घेतलेली त्याची हॉइलची प्रत टेबलावर उघडी पडली होती आणि नेमक्या महत्त्वाच्या पानावर कुणीतरी दारू सांडली. म्हणजे सात वर्षांत हे नाव इतकं घरोघरी झालं होतं की लेखकाला हॉइल कोण ते सांगावंही लागलं नाही. पुढे बायरनच्या काव्यातही ते आलं.

आजोबा लिहीत राहिले. पिकेट, क्वाड्रिल, ब्रॅग या पत्त्यांच्या खेळांवर पुस्तकं झाली. व्हिस्टमध्ये पडलेले पत्ते लक्षात राहावेत म्हणून हातातले पत्ते लावायची एक युक्ती त्यांनी कृत्रिम स्मरणशक्ती या नावाने विकली. आजची भाषा वापरायची तर शॉर्टकट टेक्निक! १७६१ मध्ये, नव्वदीच्या जवळ असताना, बुद्धिबळावर पुस्तक काढलं. २९ ऑगस्ट १७६९ रोजी लंडनमध्ये ते वारले, वय सुमारे ९७. मॅरिलबोनच्या चर्चच्या आवारात त्यांना पुरलं. सत्तरीपर्यंत कुणाला ठाऊक नसलेला माणूस पुढच्या सत्तावीस वर्षांत इंग्लंडचा खेळाडूंचा कायदा होऊन गेला. व्हिस्टचे त्यांनी दिलेले नियम १८६४ मध्ये लंडनच्या क्लबांनी नवे नियम करेपर्यंत प्रमाण मानले जात होते.

मेल्यावर तर माणूस आणखीनच कामाला लागला. दुसऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांवर त्यांचं नाव छापलं जाऊ लागलं, कारण हॉइल नाव असलं की पुस्तक खपायचं. इंग्रजीत हॉइलप्रमाणे म्हणजे रीतसर, नियमाला धरून, असा वाक्प्रचारच पडला. पत्त्यांच्या कॅटवर त्यांचं नाव आलं. १९८९ पासून कॉम्प्युटरवर त्यांच्या नावाचे गेम निघाले. कहर म्हणजे १९७९ मध्ये अमेरिकेत पोकरच्या दिग्गजांची जी पहिली यादी झाली तिच्यात हॉइल यांचं नाव घातलं. पोकर हा खेळ एकोणिसाव्या शतकातला! आजोबांनी तो ना पाहिला, ना ऐकला. चोरीच्या प्रती ओळखू याव्यात म्हणून ज्या माणसाने प्रत्येक पुस्तकावर सही केली, त्याचंच नाव पुढे कुणीही कशावरही चिकटवलं.

आता गोष्टीचा शेवटचा भाग, कॉम्प्युटरवाल्यांसाठी. हॉइलनंतर दोनशे वर्षांत बॅकगॅमन बरंच बदललं. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये डाव दुप्पट करायचा एक जास्तीचा ठोकळा आला, मोठमोठ्या स्पर्धा सुरू झाल्या. १९७० च्या दशकापर्यंत तज्ज्ञांचं मत पक्कं झालं होतं की पाच-एक, चार-एक आणि दोन-एकला सोंगटी पाचव्या घरात एकटी ठेवायची, म्हणजे माझीच मर्दानी चाल. मग १९९२ मध्ये आयबीएमच्या संशोधन केंद्रात गेराल्ड टेसॉरो यांनी टीडी-गॅमन नावाचा प्रोग्रॅम बनवला. हा न्यूरल नेटवर्कवर चालायचा. त्याला कुणी चाली शिकवल्या नाहीत. तो स्वतःशीच लाखो डाव खेळला आणि शिकला. आणि शिकून त्याने काय केलं? एकटी सोंगटी पाचव्या घरात ठेवायच्या ऐवजी मागची सोंगटी एक घर पुढे सरकवली. तज्ज्ञ चक्रावले, त्यांनी तपासून पाहिलं, आणि मग त्यांनीही चाल बदलली. आज पाच-एक आणि चार-एकला बहुतेक सगळे मागची सोंगटी सरकवतात. दोन-एकला दोन्ही चाली जवळजवळ सारख्या. गॅमन हवा असेल तर एक, नुसता डाव हवा असेल तर दुसरी.

ओळखीचं वाटतंय ना? चांदणीखाली लिहिलेली तीच चाल! आजोबांनी ती फक्त हिटपुरती सांगितली होती. कॉम्प्युटर म्हणाला की पाच-एक आणि चार-एकला ती एरवीही चांगली. म्हणजे आजोबा सगळीकडे बरोबर होते असं नाही. त्यांच्या यादीतल्या काही चाली आज कुणी खेळत नाही. पण कशासाठी खेळतोय हे विचारल्याशिवाय चाल सांगायची नाही, हा त्यांचा दंडक आजच्या प्रोग्रॅमनाही पाळावा लागतो. तुम्ही त्यांना स्कोअर सांगितल्याशिवाय ते नीट उत्तर देत नाहीत.

मी फुकट मिळणारा जीएनयू बॅकगॅमन लॅपटॉपवर घातला, चार-चार स्कोअर लावला आणि माझं पाच-एक विचारलं. उत्तर आलं : मागची सोंगटी सरकवा. माझी चाल दुसऱ्या क्रमांकावर होती आणि फरक बारीक होता. तो बारीक आकडा मी बराच वेळ बघत बसलो. म्हणजे त्या रात्री मी हरलो ते बहुतांशी फाशांमुळेच. पण सगळं फाशांमुळे नाही. थोडा वाटा माझा होता, आणि बदलता येण्यासारखं जे काही होतं ते त्या थोड्यातच होतं.

यंदाच्या टूर्नामेंटला सेमीफायनलमध्ये परत चार-चार झालं. या वेळी दान पडलं चार-एक. आजूबाजूची मंडळी मर्दानी चालीची वाट बघत होती. मी मागची सोंगटी एक घर पुढे सरकवली आणि मधल्या ढिगातून एक चार घरं खाली आणली. मागून कुणीतरी हसलं. अर्ध्या तासाने मी तो डाव हरलो. समोरच्याला शेवटी दोन जोडदानं लागोपाठ पडली.

खोलीवर आलो. रूममेटने विचारलं, तर मी त्याला सगळ्या चाली सांगितल्या. एक चाल मध्यात चुकली होती ती आम्ही पट उघडून पुन्हा मांडली आणि बारापर्यंत त्यावर भांडलो. फाशांना शिव्या द्यायचं राहूनच गेलं.

आणि हो, एम-थ्री निघाला. या वेळी सोपी तीन युनिट आधी केली.